उद्या बर्फ आहे, शाळेचं काय?

डिसेंबर लागला की अमेरिकेत नव्यानं आलेल्या पालकांचे तेच ते प्रश्न सुरू होतात. शेजारच्या गावाला सुट्टी आणि आमची शाळा चालू, हे कसं? दोन तास उशिरा म्हणजे बस नेमकी किती वाजता? रिमोट डेला लॉगिन झालंच नाही, तर गैरहजेरी लागते का? जूनची भारताची तिकिटं काढून ठेवली आणि आता शाळा लांबली म्हणतात, मग? गावातल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर उत्तरं मिळतात, नाही असं नाही. पण उत्तर देणारा डॅलसचा असतो, विचारणारा न्यू जर्सीचा, आणि दोन्हीकडचे नियम निराळे. म्हणून हा विषय पहिल्यापासून समजून घ्या.

सुट्टी कोण देतं?

महाराष्ट्रात अतिवृष्टीचा इशारा आला की जिल्हाधिकारी किंवा महापालिका आयुक्त सुट्टी जाहीर करतात आणि त्या हद्दीतल्या शाळा बंद राहतात. इथेही असा कुणी वरचा अधिकारी असेल असं आपण धरून चालतो. बहुतेक ठिकाणी तसं नसतं. देशभरात सुमारे 13,000 स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. प्रत्येकाचं वेगळं बोर्ड, वेगळं बजेट, वेगळ्या बसगाड्या आणि वेगळा सुपरिंटेंडंट. सुट्टीचा निर्णय हा सुपरिंटेंडंट घेतो. गव्हर्नरनं आणीबाणी जाहीर केली म्हणून तुमची शाळा आपोआप बंद होईलच असं नाही. न्यूयॉर्क शहर याला अपवाद. तिथली शाळांची व्यवस्था महापौरांच्या हाताखाली असल्यामुळे असा निर्णय सिटी हॉलमधून येतो.

आपण कोणत्या डिस्ट्रिक्टमध्ये राहतो हे आधी पक्कं करा, कारण गावाची हद्द आणि डिस्ट्रिक्टची हद्द जुळेलच असं नाही. न्यू जर्सीत साधारण 600 डिस्ट्रिक्ट आहेत. तिथे वेस्ट विंडसर आणि प्लेन्सबरो ही दोन गावं दोन वेगळ्या कौंट्यांत असूनही त्यांचा डिस्ट्रिक्ट एक आहे. टेक्ससमधल्या फ्रिस्को शहरात याच्या उलट प्रकार. पत्ता फ्रिस्कोचा, पण घर फ्रिस्को, प्रॉस्पर, लुइसव्हिल किंवा लिटल एल्म यांपैकी कुठल्याही डिस्ट्रिक्टमध्ये असू शकतं. म्हणजे एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन निर्णय लागू शकतात. व्हर्जिनियात तर अख्खी फेअरफॅक्स कौंटी हा एकच डिस्ट्रिक्ट आहे. एवढ्या मोठ्या भागात तुमच्या गल्लीत ऊन पडलेलं असतं आणि दुसऱ्या टोकाला रस्त्यावर काच पसरल्यासारखा बर्फ असतो. निर्णय सगळ्यांसाठी एकच, आणि तो सर्वांत वाईट रस्ता पाहून घेतला जातो.

खासगी शाळा, डे-केअर आणि माँटेसरी आपापलं ठरवतात. काही जण 'डिस्ट्रिक्ट बंद तर आम्हीही बंद' असा नियम ठेवतात, काहींचा तसा नियम नसतो. प्रवेश घेताना दिलेल्या पालक पुस्तिकेत ते लिहिलेलं असतं. मूल खासगी शाळेत असूनही डिस्ट्रिक्टच्या बसनं जात असेल, तर डिस्ट्रिक्ट बंद असेल त्या दिवशी बस येणार नाही.

किती इंचांना सुट्टी?

हा प्रश्न सगळे विचारतात आणि त्याला उत्तर नाही. कोणताही शहाणा सुपरिंटेंडंट इंचांचा आकडा सांगून स्वतःला बांधून घेत नाही. आदल्या रात्री राष्ट्रीय हवामान सेवेचा अंदाज, नगरपालिकेच्या रस्तेविभागाशी बोलणं आणि शेजारच्या डिस्ट्रिक्टांशी फोनाफोनी होते. पहाटे तीन-चारच्या सुमाराला वाहतूक विभागाचा माणूस खरोखर गाडी काढून चढ, पूल आणि वळणं बघून येतो. पहिल्या बसगाड्या सहाच्या आसपास निघतात, त्यामुळे पाच-साडेपाचपर्यंत निर्णय व्हावा लागतो.

तो निर्णय बर्फ किती पडला यापेक्षा कधी पडला यावर जास्त ठरतो. रात्री आठ इंच पडून मध्यरात्री थांबला तर सकाळपर्यंत रस्ते साफ होतात. पहाटे पाचला दोन इंच पडले, किंवा पाऊस पडून तो जमिनीवर गोठला, तर सगळं अडतं. पदपथ साफ नसतील तर पायी जाणारी मुलं रस्त्यावरून चालतात, तेही बघावं लागतं. शिक्षक लांबून येणारे असतील तर त्यांचाही विचार होतो.

कधी कधी बर्फ नसतानाही सुट्टी मिळते. तापमान 0 अंश फॅरनहाइट असेल आणि वारा ताशी 15 मैलांचा असेल, तर वाऱ्यासकट जाणवणारी थंडी उणे 19 होते आणि उघड्या कातडीला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. बस वीस मिनिटं उशिरा आली तर स्टॉपवर उभ्या असलेल्या मुलांचं काय, याचा विचार करून मिनेसोटा, इलिनॉयसारख्या राज्यांत शाळा बंद ठेवतात.

दक्षिणेकडच्या राज्यांत नुसत्या अंदाजावर शाळा बंद होतात याची उत्तरेकडची मंडळी चेष्टा करतात. ती करू नये. 28 जानेवारी 2014 रोजी अटलांटात जेमतेम दोन-तीन इंच बर्फ पडला. शाळा आणि कचेऱ्या दुपारी एकाच वेळी सुटल्या, रस्ते तुंबले आणि हजारो मुलांनी ती रात्र शाळेत काढली, काहींनी बसमध्ये. तिथे बर्फ उपसणारी यंत्रं कमी आणि बर्फात गाडी चालवायची सवयही कमी. तेव्हापासून तिकडचे सुपरिंटेंडंट आदल्या संध्याकाळीच निर्णय घेऊन मोकळे होतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

हवामान सेवेचे तीन शब्द तेवढे लक्षात ठेवा. वॉच म्हणजे वादळाची शक्यता आहे, तयारीत राहा. ॲडव्हायझरी म्हणजे त्रास होणार हे जवळपास नक्की, पण जिवावर बेतण्याइतका नाही. वॉर्निंग म्हणजे गंभीर वादळ येतंय किंवा आलंच आहे. वॉच लागलं की मुलांची सोय कुठे करायची याचे फोन त्याच दिवशी करा. वॉर्निंगची वाट बघितलीत तर शेजारणीकडे आधीच दुसऱ्या कुणाची मुलं आलेली असतील.

मेसेज नीट वाचा

'शाळा बंद' आणि 'शाळा उशिरा' यांत घोळ घालून मुलाला कुलूपबंद दारासमोर सोडून येणारे पालक दरवर्षी असतात. पहाटेच्या मेसेजमध्ये पुढच्यापैकी काहीतरी एक असतं:

- क्लोज्ड. वर्ग नाहीत, बस नाही, आफ्टर-केअर नाही, संध्याकाळचा सराव किंवा कार्यक्रमही बहुधा नाही. हा दिवस पुढे भरून काढावा लागू शकतो.
- डिलेड ओपनिंग. शाळा दीड किंवा दोन तास उशिरा भरते, पण सुटते नेहमीच्याच वेळी. बसही तेवढीच उशिरा येते, म्हणजे 7:40 ची बस दोन तासांच्या डिलेला 9:40 ला. सकाळचा नाश्ता बहुतेक ठिकाणी मिळत नाही आणि अर्ध्या दिवसाचा सकाळचा प्री-के वर्ग रद्द होतो.
- अर्ली डिसमिसल. शाळा भरली, पण लवकर सोडणार. याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.
- रिमोट डे. इमारत बंद, अभ्यास घरून. राज्यानुसार याला निरनिराळी नावं आहेत.
- फक्त आफ्टर-स्कूल रद्द. शाळा पूर्ण वेळ, पण त्यानंतरचं काही नाही. हा मेसेज दुपारी येतो आणि नेमका हाच वाचायचा राहून जातो.

डिलेचं पुढे क्लोजिंग होऊ शकतं. पाचला आलेला मेसेज वाचून निर्धास्त होऊ नका, सातच्या सुमाराला पुन्हा एकदा बघा.

आणखी एक गोष्ट. डिस्ट्रिक्टचा स्वयंचलित फोन अनोळखी नंबरवरून येतो, आणि स्पॅमला वैतागून आपण अनोळखी नंबर सरसकट ब्लॉक केलेले असतात. डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर तो नंबर दिलेला असतो. तो फोनमध्ये नावानिशी सेव्ह करा. मेसेज येण्यासाठी कित्येक ठिकाणी आधी संमतीचं उत्तर पाठवावं लागतं. ते पाठवलेलं नसेल तर ईमेल येत राहतो, टेक्स्ट येत नाही, आणि पहाटे साडेपाचला ईमेल कोण उघडून बघतं?

थंडी पडायच्या आधी, एका बैठकीत

पेरेंट पोर्टलमध्ये जाऊन पुढची कामं उरकून टाका. जेनेसिस, पॉवरस्कूल, इन्फिनिट कॅम्पस, तुमच्याकडे जे असेल ते.

- आई आणि वडील दोघांचेही नंबर आणि ईमेल घातलेत का बघा. नोकरी बदलली की ऑफिसचा नंबर बदलतो आणि पोर्टलवर जुनाच राहतो.
- आणीबाणीच्या संपर्कात किमान दोन माणसं अशी द्या, जी गाडी न काढताही शाळेत पोहोचू शकतील. तीस मैलांवरचा मामा हिमवादळात उपयोगाचा नाही.
- मुलाला शाळेतून घेऊन जाण्याची परवानगी कुणाला, ही यादी वेगळी असते. तुम्ही फोनवर सांगितलं तरी यादीत नसलेल्या माणसाच्या हाती शाळा मूल देणार नाही.
- भारतातून आलेले आजी-आजोबा घरी असतील तर त्यांची नावं पासपोर्टवर आहेत तशीच यादीत घाला आणि मूल आणायला जाताना त्यांना पासपोर्ट न्यायला सांगा. त्यांच्याकडे इथला नंबर हवा. भारतातल्या नंबरवर शाळेची यंत्रणा मेसेज पाठवेल असं धरून चालू नका.
- डिस्ट्रिक्टच्या कॅलेंडरच्या तळाशी बारीक अक्षरात आपत्कालीन दिवसांचा नियम असतो. त्याचा फोटो काढून ठेवा. शेवटच्या भागात तो लागणार आहे.

खरी धांदल अर्ली डिसमिसलची

पूर्ण सुट्टीचा बाऊ फार होतो, पण तिथे निदान मूल घरात आणि आपल्यासमोर असतं. पंचाईत होते ती सकाळी अकराला 'शाळा साडेबाराला सुटेल' असा मेसेज येतो तेव्हा. तुम्ही मीटिंगमध्ये, नवरा किंवा बायको तासाभराच्या ट्रेनच्या अंतरावर, आणि बर्फ पडायला सुरुवात झालेली.

अशा दिवशी मुलानं काय करायचं याचा फॉर्म बहुतेक प्राथमिक शाळा सप्टेंबरातच भरून घेतात: बसनं घरी, अमुक शेजाऱ्यांकडे, की कुणी न्यायला येणार. तुम्ही ऐन वेळी काय कळवता याच्यापेक्षा त्या फॉर्मवर काय लिहिलंय त्याला जास्त वजन असतं, कारण शाळेचा फोन त्या तासाभरात लागतच नाही. पाचशे पालक एकाच वेळी फोन करत असतात. तुम्ही काय लिहिलं होतं ते आठवत नसेल तर आजच विचारा. मुलालाही ते पाठ असू द्या. दुसरीतलं मूल 'आज मी अन्वीकडे उतरायचं' एवढं नक्की सांगू शकतं.

किंडरगार्टनच्या मुलांना स्टॉपवर मोठं माणूस दिसल्याशिवाय बहुतेक ठिकाणी उतरवत नाहीत. कुणी नसेल तर ड्रायव्हर मुलाला परत शाळेत नेतो. मोठ्या भावंडाच्या हाती सोडायचं असेल तर त्याची लेखी परवानगी आधी लागते. आजोबा घरात हीटरजवळ बसून काचेतून बघत असतील तर तेवढं चालत नाही, त्यांना स्टॉपवर उभं राहावं लागतं. म्हणून त्यांचे बूट आणि जाड कोट दाराशीच ठेवा.

मूल घरी एकटं राहू शकेल का, हा पुढचा प्रश्न. बहुतेक राज्यांच्या कायद्यात ठरावीक वय नाही, पण हेळसांडीचे कायदे सगळीकडे आहेत. मेरीलँडमध्ये मात्र नियम स्पष्ट आहे: आठ वर्षांखालचं मूल एकटं ठेवता येत नाही, आणि सांभाळणारं भावंड किमान तेरा वर्षांचं हवं. आपल्याकडे चाळीत दार उघडं टाकून शेजारच्या काकूंवर भिस्त ठेवता यायची. इथे तसं गृहीत धरू नका, आधी विचारून ठेवा.

टोर्नेडोचा नियम अर्ली डिसमिसलच्या अगदी उलटा आहे. वॉर्निंग असताना शाळा मुलांना सोडत नाही, बसगाड्याही थांबवते आणि मुलांना आतल्या खोल्यांत नेऊन बसवते. अशा वेळी गाडी काढून शाळेकडे धावू नका. वाटेत तुम्ही जास्त धोक्यात असता, आणि पोहोचलात तरी वॉर्निंग उठेपर्यंत मूल ताब्यात देतीलच असं नाही.

रिमोट डे: तुमच्या राज्यात चालतो का?

कोविडनंतर सगळ्यांकडे लॅपटॉप आले, त्यामुळे आता हिमवादळाची सुट्टी संपलीच असं अनेकांना वाटलं. तसं झालेलं नाही. घरून झालेला अभ्यास शाळेचा दिवस म्हणून मोजायचा की नाही, हे राज्याचा कायदा ठरवतो.

- न्यू जर्सी: वर्षाला 180 दिवस भरावेच लागतात. घरून झालेला दिवस त्यात धरायला कायद्याच्या अटी कडक आहेत. आणीबाणी जाहीर झालेली हवी किंवा आरोग्य खात्याचा आदेश हवा, आणि शाळा सलग तीनपेक्षा जास्त दिवस बंद हवी. म्हणजे एका दिवसाच्या बर्फासाठी रिमोट डे उपयोगाचा नाही. आपल्याकडच्या पालकांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, कारण नदीपलीकडचं न्यूयॉर्क शहर एका दिवसासाठीही रिमोट होऊ शकतं.
- मॅसॅच्युसेट्स: इथेही बर्फाच्या दिवशीचा घरचा अभ्यास धरत नाहीत. कॅलेंडर 185 दिवसांचं आखायचं आणि 180 भरायचे, अशी रीत आहे.
- पेनसिल्व्हेनिया: राज्याची मंजुरी घेतलेल्या डिस्ट्रिक्टला वर्षाला पाचपर्यंत लवचीक दिवस घेता येतात.
- व्हर्जिनिया: अचानक आलेल्या अडचणीसाठी दहापर्यंत रिमोट दिवस.
- इलिनॉय: बोर्डानं ई-लर्निंगचा आराखडा मंजूर केलेला असेल तर कॅलेंडरमधल्या आपत्कालीन दिवसांऐवजी तो वापरता येतो, रोज किमान पाच तासांच्या अभ्यासाच्या अटीवर.
- मिनेसोटा: पाच ई-लर्निंग दिवस. शाळा भरायच्या किमान दोन तास आधी पालकांना कळवणं आणि त्या दिवशी शिक्षक फोनवर व ऑनलाइन उपलब्ध असणं बंधनकारक आहे.
- ओहायो आणि टेक्सस: इथे दिवसांऐवजी वेळ मोजतात. ओहायोत सहावीपर्यंत 910 तास आणि सातवीपासून पुढे 1,001. टेक्ससमध्ये वर्षाला 75,600 मिनिटं. रोजची शाळा थोडी लांब ठेवलेली असेल तर एक-दोन सुट्ट्या भरून न काढताही चालून जातात.

हे नियम बदलत असतात, त्यामुळे चालू वर्षाचं कॅलेंडर आणि डिस्ट्रिक्टचा आपत्कालीन आराखडा उघडून खात्री करा. 'राज्यात परवानगी आहे' याचा अर्थ 'आमचा डिस्ट्रिक्ट ते करतो' असा होत नाही.

रिमोट डे जाहीर झालाच, तर पहिली गोष्ट हजेरी. ती कशी लागते हे विचारा. काही ठिकाणी ठरावीक वेळी कॅमेऱ्यासमोर यावं लागतं, काही ठिकाणी दिलेलं काम त्या दिवसात पाठवलं की झालं, तर काही ठिकाणी सकाळी नुसती एक खूण करायची असते. वॉच लागलं त्या संध्याकाळीच क्रोमबुक चार्ज करा आणि पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. दोन भावंडं आणि दोन्ही आईवडील घरूनच काम करणारे असतील तर इंटरनेट रडतं. अशा वेळी लहान्याचं काम दुपारी पाठवलं तर चालेल का, हे शिक्षकांना विचारण्यात कमीपणा नाही.

यंत्रणाच कोलमडली तर? 13 फेब्रुवारी 2024 ला न्यूयॉर्क शहरानं हिमवादळामुळे सगळ्या शाळा रिमोट केल्या आणि सकाळी असंख्य मुलांना लॉगिनच करता आलं नाही. इतकी मोठी यंत्रणा आधी सराव करूनही अडखळते. म्हणून लॉगिन होत नसेल तर पडद्याचा फोटो घ्या, त्यावर वेळ दिसू द्या, आणि शिक्षक व हजेरी कार्यालय दोघांना चार ओळींचा ईमेल टाका. बर्फानं तार तुटून लाइट गेले तरी तेच करा, फोनवरून. अशी गैरहजेरी नंतर दुरुस्त करून मिळते, पण लेखी कळवलेलं असलं तर काम सोपं होतं.

पहिली-दुसरीच्या मुलांच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: हजेरीपुरतं जे सक्तीचं असेल ते करा, वाचनाचं एखादं पुस्तक घ्या आणि मुलांना बर्फात सोडा. सहा वर्षांच्या मुलाला पाच तास पडद्यासमोर बसवण्यासाठी आपली रजा घालवू नका.

तुमचे हक्क, आणि जिथे हक्क नाही ते

डिस्ट्रिक्टनं शाळा चालू ठेवली पण तुमचा रस्ता अजून साफ झाला नाही, तर मुलाला घरी ठेवायला तुम्ही मोकळे आहात. हजेरीच्या नंबरवर फोन करून कारण सांगा आणि ही गैरहजेरी माफ धरली जाईल का, ते विचारा. काही डिस्ट्रिक्ट असा निर्णय पालकांवर सोडतात, काही सोडत नाहीत. मात्र 'शाळा बंद का केली नाही' यावर दाद मागायची सोय नाही. बोर्डाच्या सभा जाहीर असतात आणि तिथे रहिवाशांना बोलायला वेळ देतात. नागरिकत्व नसलं म्हणून तिथे कुणी अडवत नाही. एकट्यानं चिडून केलेल्या ईमेलपेक्षा पाच-सहा पालकांनी सभेत मांडलेली, बसच्या एका ठरावीक धोकादायक वळणाबद्दलची तक्रार ऐकली जाते.

मुलाला विशेष शिक्षणाचा आराखडा, म्हणजे आयईपी, किंवा अपंगत्वामुळे सवलती देणारा 504 आराखडा असेल, तर हा भाग दोनदा वाचा. डिस्ट्रिक्ट इतर मुलांना रिमोट शिकवत असेल तर तुमच्या मुलाच्या सेवांचीही सोय त्याला बघावी लागते. स्पीच थेरपी व्हिडिओवर होणार का, वर्गातली मदतनीस त्या दिवशी काय करणार, आणि जे झालं नाही ते कधी भरून देणार, हे तीन प्रश्न पुढच्या आयईपी बैठकीत विचारा आणि उत्तर आराखड्यात लिहून घ्या. तोंडी 'आपण बघू' याला किंमत नाही.

घरात इंग्रजी पुरेसं नसेल तर महत्त्वाची माहिती समजेल अशा भाषेत मागता येते. 1964 च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण त्यामागे आहे. मराठी दुभाषा फोनवर मिळू शकतो, त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत, आणि दुभाषाचं काम मुलावर टाकायची गरज नसते. पोर्टलमध्ये घरची भाषा 'मराठी' अशी नोंदवा. बरेच जण संकोचानं 'इंग्रजी' लिहितात.

नोकरीचं म्हणाल, तर शाळा बंद म्हणून पगारी रजा देणारा केंद्रीय कायदा नाही. राज्य बघा. मिनेसोटात 2024 पासूनच्या आजारपण व सुरक्षा रजेच्या कायद्यात, हवामानामुळे मुलाची शाळा बंद झाली तर ही रजा घेता येते असं स्पष्ट लिहिलं आहे. कॅलिफोर्नियात एका ठिकाणी 25 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत, शाळा अचानक बंद होण्यासारख्या कारणांसाठी वर्षाला 40 तासांपर्यंत सुटी मागता येते. ती पगारी असेलच असं नाही. बाकी ठिकाणी मॅनेजरशी आधीच बोलून ठेवा.

बर्फाशिवायची कारणं

फ्लोरिडात चक्रीवादळ निघून गेल्यावरही शाळा दोन-तीन दिवस बंद राहतात, कारण शाळांच्या इमारतीच निवाऱ्यासाठी वापरतात आणि तिथली माणसं हलल्यावरच वर्ग भरतात. कॅलिफोर्नियात वणव्याचा धूर आणि वणवा लागू नये म्हणून मुद्दाम तोडलेली वीज ही कारणं असतात. फिलाडेल्फियासारख्या जुन्या शहरांत सप्टेंबरातल्या उकाड्यात, एसी नसलेल्या इमारती लवकर सोडतात. घरचं नियोजन मात्र सगळीकडे तेच.

डिस्ट्रिक्टच्या सुट्टीचा फटका मराठी शाळेलाही बसतो. शनिवार-रविवारची ही शाळा पुष्कळ ठिकाणी डिस्ट्रिक्टच्याच इमारतीत भाड्यानं भरते. डिस्ट्रिक्टनं इमारत बंद ठेवली की मराठी शाळेला पर्याय नसतो, मग रस्ते कितीही साफ असोत. त्याचा राग तिथल्या स्वयंसेवक शिक्षिकांवर काढू नका.

आणि जूनची तिकिटं

शाळेचा शेवटचा दिवस कॅलेंडरमध्ये छापलेला असतो, पण त्याच्यापुढे 'तात्पुरता' असा शेरा असतो. तो वाचायचा राहतो आणि तिकिटं निघतात. भारताचं तिकीट मार्चात काढावं लागतं, बर्फ मात्र मार्च संपेपर्यंत पडतो. म्हणून आधी तीन गोष्टी बघा:

1. कॅलेंडरमध्ये आपत्कालीन दिवस किती धरले आहेत आणि आतापर्यंत किती वापरले.
2. ते संपले तर कोणते दिवस आधी कापणार. काही डिस्ट्रिक्ट फेब्रुवारीची प्रेसिडेंट्स डेची सुट्टी घेतात, काही स्प्रिंग ब्रेकचे शेवटचे दिवस, तर काही सरळ जून लांबवतात. 2012 च्या सँडी वादळानंतर न्यू जर्सीत शिक्षकांचं नोव्हेंबरातलं अधिवेशनच रद्द झालं आणि कित्येक डिस्ट्रिक्टांनी त्या दिवशी शाळा भरवली.
3. शेवटच्या आठवड्यात काय असतं. पाचवीपर्यंत बहुधा सिनेमा आणि आवराआवर, पण हायस्कूलला अंतिम परीक्षा असतात आणि त्या चुकल्या तर पुन्हा घेतीलच याची खात्री नाही.

छापलेल्या शेवटच्या दिवसानंतर निदान आठवडाभर सोडून तिकीट काढा. मुंबईला आठवडाभर उशिरा पोहोचलात तर आंबे संपतील फार तर, पण तिकीट बदलायचा दंड चौघांचा मिळून बराच होतो. स्प्रिंग ब्रेकला फ्लोरिडाचं आरक्षण करताना रद्द करता येणारं हॉटेल घ्या.

हिवाळा कोरडा गेला तर उलटही घडतं. न वापरलेले दिवस काही डिस्ट्रिक्ट परत देतात आणि मेमोरियल डेच्या आसपास अचानक शुक्रवार-मंगळवार सुट्टी मिळते. बोर्ड हे एप्रिल-मे महिन्यात ठरवतं. मेसेज येतो, पण शाळा सुरू झाल्यापासून आलेल्या शेकडो ईमेलांच्या ढिगात तो हरवतो. मेच्या पहिल्या आठवड्यात संकेतस्थळावरचं सुधारित कॅलेंडर एकदा उघडून बघा.